डिझेल गाडीचा डीपीएफ काढून टाकावा का? अनुभव हवेत

धायरीकर_अण्णा
नमस्कार मंडळी,

गाडी २०२१ ची, बीएस-६ (धुराच्या सरकारी निकषांचा सहावा टप्पा) डिझेल, ४८ हजार किलोमीटर झालेत. घर धायरीला, ऑफिस कोथरूडला. जाऊन-येऊन १८-२० किलोमीटर, तेही सिंहगड रोडच्या गर्दीतून. तिसरा गिअर लागला तर तो दिवस चांगला म्हणायचा.

गेल्या चार महिन्यांत डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा) दिवा तीनदा लागला. पहिल्या दोन वेळी खेड-शिवापूरपर्यंत गाडी पळवून आणली आणि दिवा गेला. तिसऱ्या वेळी मात्र नवले पुलाच्या चढावर गाडी एकदम मेल्यासारखी झाली. पाय पूर्ण दाबला तरी जागची हलेना, मागे ट्रकची रांग, गाडीत आई-बाबा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी संगणक लावून जबरदस्तीने आतली काजळी जाळली, साडेसहा हजार घेतले. दहाव्या दिवशी दिवा परत हजर. आता म्हणतात डीपीएफच बदला, १ लाख ६२ हजार.

ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, ते डबडं काढून टाकू. आतली जाळी फोडायची, संगणकातला प्रोग्राम बदलायचा, ३० हजारांत विषय संपला. पिकअप वाढेल, ॲव्हरेज दोनने वाढेल. मी महिन्याला पाच-सहा गाड्या करतो."

मनाला पटत नाही आणि १ लाख ६२ हजार खिशाला पटत नाहीत. ज्यांनी काढलाय, ज्यांनी नाही काढला, दोघांनीही लिहा.

वऱ्हाडी_वादळ
करून टाका अण्णा, काहून एवढा विचार करून राहिले? माझी २०१५ ची बीएस-४ आहे. तिला डीपीएफ नाही, पण ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आहे. तीन वर्षांपूर्वी अमरावतीत ईजीआरला पत्र्याची चकती मारून बंद केला. आधी १२ चं ॲव्हरेज होतं, आता साडेतेरा देते. घाटात अशी पळते की बस. ६० हजार किलोमीटर झाले, एक रुपयाचा खर्च नाही. पीयूसीही दर वेळी पास.

शंकासुर_पनवेल
वाचतोय. माझ्या गाडीलाही हाच रोग आहे. वाचनखूण साठवली.

पाना_नंबर_दहा
मिरजेत २२ वर्षं गॅरेज चालवतो, डिझेलचंच काम जास्त. मी डीपीएफ काढून देत नाही, त्यामुळे गिऱ्हाईकंही गमावली आहेत. सविस्तर लिहितो, कारण या विषयात तीन वेगळ्या वस्तूंची खिचडी होते.

ईजीआर: इंजिनातून बाहेर पडलेल्या धुराचा थोडा भाग परत आत सोडणारा व्हॉल्व्ह. त्यामुळे आतल्या हवेतला ऑक्सिजन कमी होतो, जळण्याचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा थर. विषारी वायूंचं तिथं रूपांतर होतं. आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला.

डीपीएफ: डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी. भरत आली की गाडीतला संगणक जास्तीचं डिझेल सोडून साधारण ६०० अंशांपर्यंत तापमान नेतो आणि काजळी जाळून टाकतो. याला रीजन म्हणतात. १०-२० मिनिटं लागतात.

अण्णा, तुमच्या रोजच्या प्रवासात ही १०-२० मिनिटं सलग मिळतच नाहीत. रीजन सुरू होतं तेव्हा उभ्या गाडीचे आरपीएम थोडे वाढतात, पंखा जोरात फिरतो, गरम वास येतो. तुम्ही नेमकं तेव्हाच ऑफिसात पोचता आणि चावी काढता. असं पाच-सहा वेळा झालं की गाळणी तुंबते. शिवाय जे जास्तीचं डिझेल सोडलेलं असतं त्यातलं काही सिलिंडरच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं.

म्हणून १ लाख ६२ हजार देण्याआधी आणि ३० हजारही देण्याआधी तीन गोष्टी बघा.
१. ऑइलची दांडी काढून पातळी बघा. खुणेच्या वर गेली असेल तर ऑइलमध्ये डिझेल आहे. वासही घ्या.
२. जुनी बिलं काढा आणि कोणतं ऑइल घातलंय ते वाचा. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती गाळणीत कायमची बसते.
३. डीपीएफच्या पुढून आणि मागून दोन बारीक नळ्या एका सेन्सरला जातात. दोन्हीकडच्या दाबातल्या फरकावरून संगणक काजळीचा अंदाज घेतो. त्या नळ्या हाताने चाचपून बघायला लावा.

धायरीकर_अण्णा
पाना दादा, मनापासून आभार. दांडी आत्ताच बघितली. वरच्या खुणेपासून जवळजवळ दोन बोटं वर आहे. मला वाटत होतं, ऑइल भरपूर आहे म्हणजे चांगलंच आहे!

पाना_नंबर_दहा
असं असेल तर उद्यापासून गाडी चालवू नका, आधी ऑइल बदला. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं, बेअरिंग खातं. इंजिन गेलं तर १ लाख ६२ हजार स्वस्त वाटतील.

वकीलसाहेबा
कायद्याचं तेवढं सांगते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करण्यावर बंधन घालतं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्यानुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९०(२) : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.

गॅरेजवाला "मी महिन्याला पाच-सहा करतो" म्हणाला, त्या पाच-सहा मालकांपैकी कोणालाही त्याने हे सांगितलं नसणार. नाव आरसी बुकावर मालकाचं असतं, गॅरेजवाल्याचं नाही. वॉरंटीचा प्रश्न निराळाच.

वऱ्हाडी_वादळ
ताई, कलमं बरोबर असतील, पण पकडतं कोण? पीयूसी पास आहे ना भाऊ. सरकारनंच नेमलेल्या मशिननं पास केलं, मग माझी गाडी प्रदूषण करते असं म्हणणार कोणत्या तोंडानं?

पाना_नंबर_दहा
वादळ भाऊ, इथंच सगळे फसतात. डिझेल गाडीच्या पीयूसीत उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा मोजतात, बस. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ईजीआर बंद केल्यावर वाढतो तो नेमका हाच वायू, आणि ईजीआर बंद केला की काळा धूर उलट थोडा कमी होतो. तुमची गाडी पीयूसीला आधीपेक्षा छान पास होणारच.

डीपीएफचंही तेच. काढलेल्या गाडीतून डोळ्यांना धूर दिसेलच असं नाही. बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, बीएस-६ ला साडेचारच मिलिग्रॅम. नायट्रोजन ऑक्साइड २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आणले. हा फरक पीयूसीच्या मशिनला दिसत नाही.

एक विचारू? ईजीआर बंद केला तेव्हा इनटेक मॅनिफोल्डही (इंजिनात हवा नेणारा मार्ग) उघडून साफ केला होता का?

वऱ्हाडी_वादळ
हो. आत डांबर साचल्यासारखं होतं. मेकॅनिकनं खरडून खरडून अर्धी बादली काढली, दिवसभर रॉकेलमध्ये भिजवून ठेवलं होतं.

पाना_नंबर_दहा
मग पिकअप त्यानं आलं! हवेची वाट अर्धी बुजलेली होती, ती मोकळी झाली. पाय पूर्ण दाबल्यावर ईजीआरचा व्हॉल्व्ह तसाही बंद होतो. घाटात फुल्ल दाबून गाडी पळते ती चकतीमुळे नाही. साफ केल्याचं श्रेय चकतीला गेलं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक "ईजीआर बंद केल्यावर गाडी पळायला लागली" वाल्यांची हीच गोष्ट असते.

ईजीआर बंद केल्याचा एक फायदा मी मान्य करतो. मॅनिफोल्डमध्ये पुन्हा कार्बन साचायचं प्रमाण घटतं. हे खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही.

घाटवाट
पेट्रोलवाल्यांचा अनुभव लिहितो. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो, आवाज हवा होता म्हणून कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून सरळ पाइप टाकला. पहिले दोन दिवस मजा. मग इंजिनाचा पिवळा दिवा लागला, कारण मागचा ऑक्सिजन सेन्सर कॅट नसल्याचं ओळखतो. ॲव्हरेज जसंच्या तसं. अडीच हजार आरपीएमला आत असा घुमणारा आवाज यायचा की पुणे-कोल्हापूर प्रवासात बायकोचं डोकं दुखायचं. काच खाली केली की न जळालेल्या पेट्रोलचा, डोळे चुरचुरवणारा वास. आठ महिन्यांनी परत कॅट बसवला, तोवर जुना मेकॅनिकनं विकूनही टाकला होता. नवीन घ्यायला ३८ हजार गेले.

शंकासुर_पनवेल
विकणारच ना, त्यात प्लॅटिनम असतं. अवांतर: मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात ते याचसाठी. आमच्या सोसायटीत दोन गेले. सकाळी दूधवाल्या काकांनी गाडी सुरू केली, सगळी बिल्डिंग जागी झाली.

कोथळीगड
अवांतरात अवांतर: बुलेटला इंदोरी सायलेन्सर लावून रात्री साडेअकराला फटाके फोडणाऱ्यांचं काय करायचं? त्यातही कॅट जातो. पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

निशिगंध_माळी
मी कधी प्रतिसाद देत नाही, फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझी आई हडपसरला सिग्नलच्या कोपऱ्यावर फुलं विकते. २६ वर्षं झाली. मी शाळेपासून तिच्यासोबत बसते, आता सुट्टीच्या दिवशी जाते. सकाळी सहाला निशिगंधाच्या काड्या बादलीत लावतो तेव्हा पांढऱ्याशुभ्र असतात. संध्याकाळी सातला पाकळीवर बोट फिरवलं की बोट करडं होतं. गिऱ्हाईक म्हणतं शिळी फुलं देताय. शिळी नसतात हो, सकाळचीच असतात. पाणी मारत राहावं लागतं.

घरी आल्यावर आई तोंड धुते तेव्हा पहिलं पाणी काळं येतं. दोन वर्षांपासून तिला श्वासाचा पंप घ्यावा लागतो. डॉक्टर म्हणाले जागा बदला. जागा कुठून बदलणार, गिऱ्हाईक त्या कोपऱ्यावरचं आहे.

डीपीएफ म्हणजे काय, ते मला या धाग्यावर कळलं. अण्णा, तुमची गाडी सिग्नलला उभी राहते तेव्हा तिच्या पाइपाची उंची आणि बसलेल्या माणसाच्या नाकाची उंची फार वेगळी नसते. एवढंच सांगायचं होतं.

वकीलसाहेबा
निशिगंध, लिहिलंस ते फार बरं केलंस. आईंना नमस्कार सांग.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला, त्याला २०१२ साल उजाडलं. त्याच गटात तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस आहेत.

वऱ्हाडी_वादळ
ताई, वाचून गलबलून आलं. खोटं नाही सांगत.

पण एक सांगतो, राग मानू नका. ट्रक आणि डंपर जे काळे ढग सोडत जातात, त्यांना कोणी अडवत नाही आणि सगळा भार आमच्यासारख्या एक गाडीवाल्यांवर. दुरुस्ती परवडेल अशी असती तर कोणी चकती मारली नसती. मला ईजीआर व्हॉल्व्हचे २८ हजार सांगितले होते, चकती ४०० रुपयांत झाली. गाडीवर माझा धंदा आहे, त्या महिन्यात दोन पोरांची फी भरायची होती.

पाना_नंबर_दहा
भाऊ, तुमचं हे म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि कंपन्यांपर्यंत पोचायला हवं. बहुतेकदा व्हॉल्व्ह खराब नसतो, घाण झालेला असतो. काढून साफ केला तर दहापैकी सात वेळा परत चालतो, हजार-दीड हजारात. पण वर्कशॉपमध्ये साफ करायला दिवस जातो आणि बदलायला तास. म्हणून "बदला" सांगतात.

ऱ्हाइनकाठचा
जर्मनीतून. इथे दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी असते. १ जुलै २०२३ पासून युरो-६ (आपल्या बीएस-६ सारख्या) डिझेलच्या पाइपात नळी घालून कणांची थेट संख्या मोजतात. घन सेंटिमीटरला अडीच लाखांच्या वर गेले की नापास. डीपीएफ काढलेली किंवा आतून तडकलेली गाडी यातून सुटत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून नियम आहे की मूळ गाडीला डीपीएफ होता आणि आता दिसत नाही तर नापास. पण तिथे बाहेरचं डबडं जागेवर ठेवून आतली जाळी फोडायची पळवाट लोकांनी काढली. अण्णांचा गॅरेजवालाही तेच म्हणतोय.

वादळभाऊंचा पीयूसीचा मुद्दा त्यामुळे मला महत्त्वाचा वाटतो. तपासणीच आंधळी असेल तर प्रामाणिक माणसाला वाटतं आपण एकटेच मूर्ख.

टेक्सासचा_तात्या
आमच्याकडे अमेरिकेत मोठ्या डिझेल पिकअपवाल्यांमध्ये हे खूळ फार. मुद्दाम काळा धूर सोडतात, त्याला ‘रोलिंग कोल’ म्हणतात. इथल्या पर्यावरण संस्थेनं, ईपीएनं, २०२० मध्ये अंदाज दिला होता की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त पिकअपवरून ही यंत्रणा काढली गेली आणि त्यामुळे त्या गाड्यांच्या पूर्ण आयुष्यात मिळून ५ लाख ७० हजार टनांहून जास्तीचे नायट्रोजन ऑक्साइड हवेत जातील. म्हणून त्यांनी गाडीमालकांपेक्षा काढायचं सामान आणि प्रोग्राम विकणाऱ्यांना धरलं.

आणि मोठ्यांचंही विसरू नका. २०१५ मध्ये फोक्सवॅगन पकडली गेली ती याचसाठी. तपासणी चालू आहे हे ओळखून गाडी सभ्य वागायची आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड सोडायची. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या, भारतातल्या ३ लाखांहून जास्त. आपल्या पुण्याच्या वाहन संशोधन संस्थेनं, एआरएआयनं, भारतातल्या गाड्या तपासल्या होत्या.

सांगोल्याचं_डाळिंब
सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, शेतकरी म्हणून एक सांगतो. हायवेला गाडी पळवून रीजन झालं की लगेच वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नका. खालचा पाइप रसरसलेला असतो. आमच्या भावकीत गाडी बांधावर लावली, पाच मिनिटांत खालून धूर. पाण्याचा कॅन जवळ होता म्हणून वाचली.

कोथळीगड
अण्णा, घरी सांगा डॉक्टरांनी गाडीला हवापालट सांगितलाय. दर पंधरा दिवसांनी महाबळेश्वर, गाडीसोबत कोणीतरी जायला हवंच.

शंकासुर_पनवेल
हसलो. पण खरंच विचारतो, उभ्या गाडीत नुसते आरपीएम वाढवून रीजन होतं का? आणि पंपावर टाकीत ओतायच्या बाटल्या मिळतात त्यांचा उपयोग?

पाना_नंबर_दहा
उभ्या गाडीत आपोआप होत नाही, स्कॅनर लावून करावं लागतं आणि ते वारंवार करणं चांगलं नाही. बाटलीनं थोडी मदत होते, तुंबलेली गाळणी उघडत नाही. खरा उपाय हायवे. ताशी ६० च्या वर, गिअर एक कमी ठेवून, दोन ते अडीच हजार आरपीएमवर २० मिनिटं. आठवड्यातून एकदा. ज्याला हे जमणार नाही त्यानं शहरासाठी डिझेल घेऊ नये. शोरूममध्ये गाडी विकताना कोणी विचारत नाही की रोज किती आणि कुठं चालवणार. पहिला प्रश्न तोच असायला हवा.

धायरीकर_अण्णा
तीन आठवड्यांनी परत आलो. सगळ्यांना उत्तर द्यायचं बाकी होतं.

डीपीएफ काढला नाही. पाना दादांच्या यादीप्रमाणे गेलो.

बिलं काढली. ३९ हजार किलोमीटरला बाहेर एका ठिकाणी घाईत ऑइल बदललं होतं, ते साधं होतं, जास्त राखेचं. मीच स्वस्त मिळतंय म्हणून हो म्हटलं होतं. आणि सेन्सरची पुढची नळी! हात लावल्यावर वाळक्या शेंगेसारखी कडक, क्लिपच्या मागे बारीक तडा. त्यातून हवा निसटायची, सेन्सरला दाब कमी दिसायचा, संगणकाला वाटायचं गाळणी रिकामी आहे. रीजन वेळेवर सुरूच होत नव्हतं. सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा गाडी गेली, एकदाही कोणी ती नळी बघितली नाही.

नळ्या आणि सेन्सर ४,८००. योग्य ऑइल आणि फिल्टर ५,६००. डीपीएफ उतरवून भोसरीत एका कारखान्यात धुऊन घेतला, १३ हजार. मी दिवसभर तिथे उभा होतो. आधी वजन केलं, मग उलट बाजूनं हवा मारली. चुलीतल्या राखेसारखी करडी, इतकी बारीक की बोटांत चोळली तर रांगोळीसारखी रेघांत बसली. धुऊन-वाळवून परत वजन केलं तर ९४ ग्रॅम कमी. ही ९४ ग्रॅम जाळीत अडकली नसती तर कुठे गेली असती, ते निशिगंध यांचा प्रतिसाद वाचल्यामुळे मला तिथे उभं असतानाच डोळ्यांसमोर दिसलं.

एकूण २३,४००. काढून टाकण्यापेक्षाही कमी. परवा खंबाटकी ओलांडून वाईपर्यंत जाऊन आलो, आई-बाबांना घेऊन. छोटा स्कॅनर लावला होता. आता ३५० किलोमीटर झाले तरी रीजन सुरू झालेलं नाही. ऑफिसला आठवड्यातले तीन दिवस बसने जायला लागलोय, गाडी शनिवारी लांब नेतो.

निशिगंध, आईंच्या कोपऱ्यावर या रविवारी फुलं घ्यायला येतोय. नक्की कुठे ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

वऱ्हाडी_वादळ
अभिनंदन अण्णा. पाना दादा, माझी चकती काढून व्हॉल्व्ह साफ करून परत चालू करायचा झाला तर होईल का? तीन वर्षं बंद आहे.

पाना_नंबर_दहा
होईल. आधी व्हॉल्व्ह उतरवून कार्बुरेटर क्लीनरनं साफ करा, दांडा हातानं आत-बाहेर मोकळा झाला पाहिजे. ईजीआरचा धूर थंड करणारा कुलरही तपासा, गळका असेल तर पाणी इंजिनात जाईल. गॅस्केट नवंच टाका, जुनं परत लावू नका. काढल्यावर फोटो इथे टाका, बघून सांगतो.